‘चार मैल’ : सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

माझी ‘चार मैल’ कादंबरी वाचून (आणि काहींनी न वाचताच) जे प्रश्न येतात ते आता इतके तेच तेच झालेत की प्रत्येकीला वेगळं उत्तर टाइप करून माझा अंगठा दुखायला लागलाय, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकते. स्पॉयलर आहेत. क्रम वगैरे काही नाही, जसे आठवले तसे.

गोष्ट काय आहे ते दोन ओळींत सांगा ना.

साल १८१२, इंग्लंडमधलं यॉर्कशायर. हॅरिएट, वय तेवीस, वडील नुकतेच वारलेत. घर आणि जमीन घराण्याच्या नियमाप्रमाणे चुलतभावाकडे गेली, पण घोडे म्हणजे जंगम मालमत्ता, ते कुणालाही देता येत होते, आणि वडिलांनी ते मृत्युपत्रात पोरीच्या नावावर केले. म्हणजे हिच्याकडे सात घोडे, एक भाड्याची पागा, एक म्हातारा मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारा) आणि डोक्यावर भरपूर देणं. सातातली एक घोडी पळते. एक वकील आहे, एक शर्यत आहे. दोन ओळी नाही झाल्या, सॉरी.

बाई शर्यतीत उतरते हे सगळं काल्पनिकच ना? त्या काळात कोण उतरू देणार होतं?

हा एक नंबरचा प्रश्न. दर दोन दिवसांनी येतो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात ‘पकडलं की नाही’ असा भाव असतो. तर ऐका.

हॅरिएट काल्पनिक आहे. पण २५ ऑगस्ट १८०४ ला यॉर्कच्या नेव्हसमायर रेसकोर्सवर अ‍ॅलिशिया थॉर्नटन नावाची विशीतली बाई खरोखर चार मैल पळवायला उतरली होती, समोर कॅप्टन फ्लिंट, तोही नात्यातलाच, तिच्या बहिणीचा नवरा. दोघं कर्नल थॉर्नटनच्या, म्हणजे तिच्या ‘नवऱ्या’च्या, बागेत घोडे फिरवत होते, माझा घोडा भारी की तुझा यावरून वाद झाला, ती पुढे गेली, त्याला ते झोंबलं आणि शेवटी जाहीर मॅच लागली. बघायला लाखभर माणूस लोटलं होतं असं तेव्हाच्या बातम्यांत आहे, आता लाख म्हणजे तेव्हाचे पत्रकार काही डोकी मोजत बसले नसणार, पण गर्दी आवरायला घोडदळाची तुकडी बोलवावी लागली होती. बाईंचा पोशाखसुद्धा छापून आलाय, चित्त्याच्या ठिपक्यांसारखं अंगातलं, निळ्या बाह्या, निळी टोपी. तीन मैल ती पुढे होती. शेवटच्या मैलात फ्लिंट पुढे गेला आणि ती हरली.

मला ती आवडते ती हरल्यानंतर. गप्प घरी बसली नाही. वर्तमानपत्रात पत्र लिहिलं की कॅप्टनसाहेबांनी साधी रीत पाळली नाही, मला मुद्दाम अशा बाजूला ठेवलं की माझा चाबकाचा हात अडला, आणि वर परत मॅच खेळायचं आव्हान दिलं. पुढच्या वर्षी, म्हणजे ऑगस्ट १८०५ मध्ये, त्याच ठिकाणी एक दुसरा गडी उतरणार होता त्याने ऐनवेळी माघार घेतली, तर ही एकटीच ट्रॅकवरून रमतगमत फिरून आली आणि फ्रेंच वाइनची चार पिंपं जिंकली. मग फ्रँक बकलबरोबर दोन मैल. बकल म्हणजे त्या काळातला टॉपचा जॉकी, तोपर्यंत तीन डर्ब्या (डर्बी म्हणजे इंग्लंडमधली मानाची शर्यत) खिशात. त्याला तेरा स्टोन सहा पौंड वजन दिलं होतं आणि हिला नऊ स्टोन सहा, म्हणजे आपल्या हिशोबात ८५ किलो विरुद्ध ६०, बकल स्वतः हलकाफुलका माणूस, म्हणजे बाकीचं शिसंच लादलेलं असणार. अर्ध्या मानेने, म्हणजे घोड्याच्या अर्ध्या मानेएवढ्या अंतराने, जिंकली ती. वजनाचा फायदा होता का, होता, मग पुरुषांच्या शर्यतीत वजनं लावून घोडे बरोबरीत आणतात तेव्हा कोणी नाक मुरडतं का?

माझी हॅरिएट १८०४ ला पंधरा वर्षांची असते आणि त्या गर्दीत वडिलांच्या खांद्याला धरून उभी असते. कादंबरीचं पहिलं प्रकरण तेच. थॉर्नटनबाई तेवढ्यापुरत्या, लांबून दिसतात, त्यांच्या तोंडी मी एकही वाक्य घातलेलं नाही.

मग त्या थॉर्नटनबाईंचं पुढे काय झालं?

पुढचं वाचून मला दोन दिवस काही लिहिता आलं नव्हतं. मिसेस थॉर्नटन म्हणून सगळे ओळखायचे पण कर्नलशी तिचं लग्न झालेलंच नव्हतं. बकलला हरवलं त्याच्या पुढच्याच वर्षी, १८०६ ला, कर्नलने दुसऱ्याच मुलीशी रीतसर चर्चमध्ये लग्न केलं. कर्नलने पैजेचे हजार पौंड बुडवले म्हणून फ्लिंटने त्याला रेसकोर्सवर चारचौघांत चाबकाने मारलं, ते प्रकरण कोर्टात गेलं, त्याचे कागद आहेत. घोड्यांची नावं आहेत, वजनं आहेत, अर्धी मान आहे. अ‍ॅलिशियाच्या नावावर काय होतं, घोडा, घर, पैसा, तर काही नाही.

माझी कादंबरी इथून सुरू झाली. ती किती जोरात पळवायची यावरून नाही.

हिरो ड्यूक का नाही हो ताई? निदान लॉर्ड तरी.

ड्यूक संपले. असल्या कादंबऱ्यांत जेवढे देखणे, तरणे, बिनलग्नाचे ड्यूक आहेत तेवढे आख्ख्या इंग्लंडच्या इतिहासात झाले नाहीत, खरे ड्यूक मोजके होते आणि त्यातले बरेचसे पन्नाशीपुढचे आणि गाउटने पाय सुजलेले. मला वकीलच हवा होता कारण गोष्टीचं घोडं जिथे पेंड खातंय ती जागा कोर्टाच्या कागदात आहे. शिवाय त्याला घोड्यावर नीट बसता येत नाही. हे मी मुद्दाम केलंय. हिरो उडी मारून लगाम पकडून तिला वाचवतो हा सीन लिहायचाच नव्हता मला.

इतकं लग्नाच्या कागदांबद्दल का आहे? रोमान्समध्ये वकिली कशाला?

बसा, हे जरा मोठं आहे.

त्या वेळच्या इंग्लिश कायद्यात लग्न झालं की बायको आणि नवरा मिळून एक व्यक्ती, आणि ती एक व्यक्ती म्हणजे नवरा. बाईची जंगम मालमत्ता, म्हणजे पैसे, दागिने, फर्निचर, गाई, घोडे, सगळं लग्नाच्या घटकेला त्याचं. विकू शकतो, जुगारात हरू शकतो, विचारायची गरज नाही. जमीन तेवढी थेट त्याच्या नावावर व्हायची नाही, पण तिचं उत्पन्न तोच घ्यायचा. आणि गंमत बघा, बिनलग्नाची सज्ञान बाई किंवा विधवा असेल तर तिला हे सगळं स्वतःच्या नावाने करता यायचं, घोडा विकत घ्या, करार करा, कोर्टात जा. म्हणजे हॅरिएट तेवीस वर्षांची, एकटी, कर्जबाजारी, गावात नावं ठेवली जाणारी, तरी सात घोड्यांची मालकीण आहे. आणि जिच्यावर प्रेम करतो म्हणणारा माणूस तिला चर्चमध्ये घेऊन गेला की तिथून बाहेर पडताना ती एका घोड्याचीही मालकीण नाही.

आपल्याकडे स्त्रीधन ही कल्पना निदान होती तरी. आजीच्या पाटल्या आजीच्या, आजोबांनी हात लावला तर घरात महाभारत. प्रत्यक्षात किती पाळलं गेलं तो वेगळा विषय, त्यावर बोलायला बसलो तर रात्र पुरणार नाही. पण शब्द तरी होता.

इंग्लंडमध्ये पळवाट होती, तिथली ती चॅन्सरी म्हणून वेगळी कोर्टं, त्यांच्या नियमाने लग्नाआधी दस्त करून बाईची मालमत्ता विश्वस्तांच्या हातात ‘तिच्या स्वतंत्र वापरासाठी’ ठेवता यायची. मोठ्या घरांत मुलीचा बाप हे करून घ्यायचा. हॅरिएटला बाप नाही. सर्वसाधारण बायकांना मालमत्तेचा पूर्ण हक्क मिळाला तो १८८२ च्या कायद्याने, म्हणजे माझ्या गोष्टीनंतर सत्तर वर्षांनी.

म्हणून माझ्या कादंबरीत प्रपोजलचा सीन असा आहे की तो वकील पावसात भिजून पागेत येतो आणि कोटाच्या आतून कोरडा ठेवलेला दस्ताचा मसुदा काढतो. सात घोड्यांची यादी. ती उभ्याने, कंदील खुंटीला अडकवून, पूर्ण वाचते, एका घोड्याच्या नावातली स्पेलिंगची चूक काढते. आणि घोडीच्या नावापुढे ‘आणि तिची पुढे होणारी सर्व शिंगरं’ असं लिहिलेलं असतं, ते तिने मागितलेलं नसतं, तिच्या डोक्यातही आलेलं नसतं, त्याने स्वतःहून घातलेलं असतं. तिथे ती खाली बसते, गवताच्या भाऱ्यावर.

काही जणींनी लिहिलं की हे काय प्रपोजल, गुडघ्यावर तरी बसवायचंत. बसली ना ती. 😄

(माझ्या आईने स्वतःच्या पगारातून हप्ते भरून लुना घेतली होती, शाळेत जायला. पंधरा वर्षं चालवली. विकताना कळलं की आरसी बुकवर नाव बाबांचं आहे, सही करायला बाबांना ऑफिसातून रजा काढून यावं लागलं. बाबांनी काही वाईट हेतूने केलं नव्हतं, शोरूममध्ये कोणी विचारलंच नव्हतं. बस इतकंच, पण हॅरिएट लिहिताना ती लुना सारखी डोळ्यांसमोर होती.)

हॅरिएट जास्तच मॉडर्न नाही का वाटत? त्या काळच्या बायका अशा नव्हत्या.

वरचं थॉर्नटन प्रकरण परत वाचा प्लीज.

पण मुद्द्यात थोडा दम आहे, म्हणून सांगते मी काय टाळलं. हॅरिएट ‘मी स्त्री आहे म्हणून काय झालं’ असलं भाषण एकदाही देत नाही. ब्रीचेस घालून, केस टोपीत कोंबून, मुलगा बनून शर्यतीत घुसत नाही, तो प्रकार इतका वापरून झालाय की आता घोड्यांनासुद्धा लगेच कळत असेल. तिला चर्चला जायचं असतं, शेजारणीने बोलणं टाकलेलं लागतं तिला, रात्री रडते. ती फक्त हिशोबाला पक्की आहे. ओट्सचा भाव, नालबंदाची उधारी, भाडं, सगळं वहीत. ‘स्वतंत्र नायिका’ म्हटलं की लोकांना तलवार नाहीतर जीभ चालवणारी हवी असते. माझी वही चालवते.

एका बाजूला पाय सोडून बसून रेस कशी करणार? पडणार नाही का?

पडायच्या ना, मरायच्यासुद्धा.

आधी एक गैरसमज काढू. साइड सॅडल म्हणजे आपल्या आज्या बजाज स्कूटरवर मागे बसायच्या, दोन्ही पाय डावीकडे आणि तोंडही डावीकडे, तसं नाही. बसायचं समोर तोंड करूनच, खांदे सरळ, फक्त उजवा पाय खोगिराच्या वर आलेल्या शिंगासारख्या खुंटीला आडवा अडकवायचा आणि डावा पाय रिकिबीत. आज जी साइड सॅडल दिसते तिला डाव्या मांडीवरून येणारी अजून एक खुंटी असते, त्यामुळे पकड घट्ट बसते, उड्यासुद्धा मारता येतात. पण ही डाव्या मांडीवरची खुंटी आली १८३० च्या आसपास. म्हणजे १८०४ ला अ‍ॅलिशिया आणि १८१२ ला माझी हॅरिएट, दोघी फक्त उजव्या पायाच्या पकडीच्या आणि तोलाच्या भरवशावर, आणि पळणार चार मैल, म्हणजे जवळजवळ साडेसहा किलोमीटर. मरीन ड्राइव्हच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाऊन बरंचसं परत यायचं, भरधाव, घागरा घालून.

नऊवारी नेसून कासोटा मारला की दोन्हीकडे पाय टाकून आरामात बसता येतं, आपल्याकडच्या बायका बसायच्याच. लिहिताना कित्येकदा वाटलं की हॅरिएटला कोणीतरी एक लुगडं द्या रे.

तुम्ही स्वतः घोड्यावर बसता का?

छे. माथेरानला बसले होते तेवढंच. आणि तिथे काय झालं तर घोडेवाल्या पोराने तंग नीट आवळलाच नव्हता, चढावर खोगीर हळूहळू उजवीकडे कलायला लागलं, मी पण त्याच्याबरोबर कलतेय, लाल माती जवळ जवळ येतेय, आणि घोडा आपला शांतपणे चालतोय जणू वर कोणी नाहीच. पडले नाही, लोंबकळले. तो पोरगा म्हणाला, “काकू, सरळ बसा ना.”

मोठ्या शर्यतीच्या आधी हॅरिएट स्वतः वाकून तंगाखाली दोन बोटं घालून बघते, मग मोतद्दाराने बघितलेलं असतं तरी परत बघते, तो अख्खा परिच्छेद माथेरानचा.

जॉकी क्लबने परवानगी कशी दिली?

मागितलीच नाही. जॉकी क्लब स्थापन झाला १७५० च्या सुमारास लंडनला, शर्यतींचे नियम करणारा मोठ्या लोकांचा क्लब, आणि तेव्हा त्यांचं राज्य मुख्यतः न्यूमार्केट या शर्यतींच्या गावावर. ‘मॅच’ म्हणजे दोन मालकांमधला खासगी करार, अमुक दिवशी, अमुक मैल, अमुक वजन, अमुक गिनी, आणि कोणी माघार घेतली तर पैसे गेले. दोघांना मान्य तर तिसऱ्याला काय. म्हणूनच अ‍ॅलिशिया उतरू शकली, आणि म्हणूनच हॅरिएटची शर्यतसुद्धा मॅचच आहे, मोठ्या पंधरा घोड्यांच्या शर्यतीत मी तिला घुसवलेलं नाही.

उलट नंतर नंतर, नियम पक्के झाले तशी बायकांची वाट बंद होत गेली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मॉन्ट्रोजची डचेस ‘मिस्टर मँटन’ या नावाने घोडे पळवायची आणि नटी लिली लँगट्री ‘मिस्टर जर्सी’ या नावाने. डचेस! तिलासुद्धा मिस्टर व्हावं लागलं. ट्रेनरचं लायसन्स बायकांना नाही म्हणजे नाहीच, बाई सगळं काम करणार आणि लायसन्स तिच्या मुख्य मोतद्दाराच्या नावावर. फ्लॉरेन्स नेगल नावाच्या सत्तरीच्या बाई कोर्टात गेल्या तेव्हा १९६६ मध्ये ते सुटलं. नाइंटीन सिक्स्टी सिक्स. इंग्लंडमध्ये बायकांना अधिकृतपणे जॉकी म्हणून उतरू दिलं १९७२ मध्ये, आणि क्लबमध्ये पहिल्या स्त्री सभासद घेतल्या १९७७ ला. म्हणजे अ‍ॅलिशियाच्या पहिल्या शर्यतीनंतर १७३ वर्षांनी. घाई नव्हती कुणाला.

गिनी, स्टोन, हँड... डोकं फिरलं.

माझंही. एक गिनी म्हणजे एक पौंड एक शिलिंग. एक स्टोन चौदा पौंड, म्हणजे सहा किलो साडेतीनशे ग्रॅम. घोड्याची उंची हँडमध्ये, एक हँड चार इंच. फर्लांग म्हणजे मैलाचा आठवा भाग, साधारण दोनशे मीटर. आणि सगळ्या घोड्यांचा वाढदिवस एकाच दिवशी धरायचे, तेव्हा १ मे, नंतर तो १ जानेवारी झाला, त्यामुळे प्रकरण ११ मधला वयाचा घोळ हा घोळ नाही, तसंच आहे ते. मेल करू नका.

पाण्यात विष घालायचं प्रकरण फिल्मी वाटलं.

ते सगळ्यात कमी फिल्मी आहे. डॅनियल डॉसन नावाचा माणूस सट्टेवाल्यांकडून पैसे घेऊन न्यूमार्केटच्या हौदांत आर्सेनिक टाकायचा, घोडे मेले, आणि ऑगस्ट १८१२ मध्ये त्याला केंब्रिजला फाशी दिली. माझी गोष्ट त्याच उन्हाळ्यातली आहे म्हणून यॉर्कशायरमध्ये सुद्धा सगळे हादरलेले, हॅरिएट हौदाला झाकण आणि कुलूप लावते, आणि किल्ली गळ्यात.

न्यूमार्केट सोडून यॉर्क का?

एक तर अ‍ॅलिशिया तिथेच पळाली. दुसरं म्हणजे नेव्हसमायर ही जागाच मला कथेसारखी वाटते, दलदलीचं गायरान, १७३१ पासून तिथे शर्यती, आणि त्याच मैदानाच्या कडेला फाशीचा खांब. डिक टर्पिन या गाजलेल्या दरोडेखोराला १७३९ मध्ये तिथेच लटकवलं. म्हणजे एका बाजूला गाई चरतायत, एका बाजूला फाशी, मधून घोडे, आणि लोक दोन्ही बघायला तेवढ्याच उत्साहाने जाणार. खांब १८०१ नंतर वापरात नव्हता, पण हॅरिएट लहानपणी तो बघत मोठी झालेली आहे.

आणि तिसरं, आज जगभर जे थरोब्रेड घोडे पळतात, महालक्ष्मीचे धरून, त्यांतल्या बहुतेकांची बापाकडची वंशावळ ज्या एका अरबी घोड्याकडे जाते तो डार्ली अरेबियन १७०४ मध्ये अलेप्पोहून यॉर्कजवळच्या अल्डबी पार्कलाच आला होता. त्याच्याच वंशातला एक्लिप्स, १७६४ च्या सूर्यग्रहणात जन्मला म्हणून ते नाव, अठरा शर्यती पळाला, एकही हरला नाही. हॅरिएटच्या घोडीत त्याचं रक्त आहे असं तिचे वडील सांगायचे. कागद मात्र नाही, यावर अख्खं एक प्रकरण आहे.

ताई, हीच गोष्ट पुण्यात का नाही घडवलीत? आपल्याकडे घोडे नव्हते का?

घोडे होते म्हणूनच नाही घडवली. १८०२ च्या दिवाळीत यशवंतराव होळकरांनी हडपसरच्या लढाईत पुणं घेतलं, १८०३ ला असईची इंग्रज-मराठे लढाई झाली, १८०४ ला दख्खनमध्ये दुष्काळ, माणसं अन्नाला मोताद. त्या वेळी आपल्याकडचा घोडा म्हणजे लढाई नाहीतर पळापळ. वाइनच्या पिंपावर पैज लावून चार मैल दौडवायची चैन कुणाला होती? रेसकोर्स नावाचा प्रकार आपल्याकडे इंग्रजांच्या छावण्यांबरोबर आला, आधी भायखळ्याला, मग महालक्ष्मीचा ट्रॅक १८८३ चा. पेशवाईत इंग्लिश रेसकोर्स उभारायचा तर तो शुद्ध खोटेपणा झाला असता.

पण असई आहे कादंबरीत. वकिलाचा कारकून एका हाताचा आहे, तो हात जालना जिल्ह्यातल्या त्या गावाबाहेर गेलाय, २३ सप्टेंबर १८०३ ला. त्याच लढाईत इंग्रज सेनापती वेलस्लीच्या घोड्याला भाला लागला होता, आणि त्या घोड्याचं नाव होतं डायोमेड, १७८० ची पहिली डर्बी जिंकलेल्या घोड्याचं नाव तेच. हे सापडलं तेव्हा मी रात्री दीड वाजता नवऱ्याला उठवून सांगितलं. तो “बरं” म्हणून झोपला.

इतके जुने मराठी शब्द कशाला? खरारा, तोबरा, सलोतरी... डिक्शनरी घेऊन बसावं लागलं.

कारण इंग्लिश शब्द ठेवले असते तर तीच डिक्शनरी घेऊन बसला असता. आपल्या भाषेत घोड्याचं काय नाही सांगा. घोड्याचा डॉक्टर म्हणजे सलोतरी, घोडा शिकवणारा चाबुकस्वार, तांबूस अंगाचा आणि काळ्या आयाळीचा तो कुमैत, चार पाय आणि कपाळ पांढरं तो पंचकल्याणी. वरातीमागून घोडं, घोडामैदान जवळच आहे, गंगेत घोडं न्हालं, हे आपण रोज बोलतो, ज्याने आयुष्यात घोड्याला हात लावला नाही तोसुद्धा बोलतो. हॅरिएट यॉर्कशायरची असली तरी पुस्तक मराठी आहे. मात्र म्हणी पात्रांच्या तोंडी घातलेल्या नाहीत, निवेदनात आहेत, यॉर्कशायरचा मोतद्दार गंगा कुठून आणणार.

मधली शंभर पानं खोगीरभरती वाटली.

शब्दशः खोगिराबद्दल आहेत, हो. पुढच्या आवृत्तीत वीसेक पानं काढतेय. नाल ठोकायचं प्रकरण काढणार नाही.

‘तसले’ सीन किती आहेत? आईला वाचायला देऊ का?

दोन. एक अर्धवट. आई तुमच्यापेक्षा जास्त वाचून बसलेली असते, द्या बिनधास्त.

पुढचा भाग येणार का?

दुसरा भाग नाही, पण एक वेगळी गोष्ट डोक्यात आहे आणि ती आपल्या घराजवळची. बडोद्याचे मराठी महाराज, प्रतापसिंह गायकवाड, यांनी १९४५ ला इंग्लंडमध्ये एक वर्षाचं शिंगरू २८,००० गिनीला घेतलं, तेव्हाचा विक्रम होता तो, आणि त्याचं नाव ठेवलं ‘सयाजीराव’. तो सप्टेंबर १९४७ ला सेंट लेजर ही मोठी शर्यत जिंकला. म्हणजे इकडे स्वातंत्र्य मिळून महिना होतोय आणि तिकडे यॉर्कशायरमधल्या डॉनकास्टरला इंग्रज टोप्या उडवत ‘सयाजीराव, सयाजीराव’ ओरडतायत. उच्चार कसा केला असेल देव जाणे. त्या गर्दीत एक मराठी मुलगी उभी करायची आहे मला, काय काम करते, तिथे कशी पोचली, अजून ठरत नाहीये. घाई करू नका.

स्पॉयलर चालेल, फक्त एवढं सांगा : घोडी मरते का? मरत असेल तर मी वाचणार नाही.

रोज येणारा प्रश्न आहे हा, आणि विचारणारीला हिरोचं काय होतं याच्याशी काही देणंघेणं नसतं, मला हे फार आवडतं.

नाही मरत. शर्यतीत पडत नाही, विष पोटात जात नाही, चुलतभावाकडेही जात नाही. शेवटच्या पानावर ती पागेत उभी आहे, पोटात शिंगरू आहे, आणि जवसाची पेंड खातेय.